म्हापशाहून हायवे न लागता सायकल: गोव्यातले शांत रस्ते, फेरीबोटी आणि वारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की म्हापशाला राहता, नवीन रोड बाइक घेतलीय, हायवेवर दोनतीनदा जाऊन ट्रक आणि रेंट-अ-कारवाल्यांनी घाबरवून सोडलंय, आणि आता समुद्र, नदी, शेतं दिसतील असे चाळीस ते साठ किलोमीटरचे शांत रस्ते हवेत, शिवाय सौ.ना पण सोबत न्यायचंय. बऱ्याच जणांनी तुम्हाला मोरजी-हरमल सांगितलं असेल. मी वेगळं सांगणार आहे, जरा सविस्तरच लिहितो.

गोव्यात शांत रस्ता शोधायचा तर नकाशात बीच बघू नका, फेरीबोट बघा. कारण साधं आहे. जिथे नदीवर पूल आहे तिथून सगळेच जातात, ट्रक, टँकर, एअरपोर्टची टॅक्सी, सगळे. जिथे अजून फेरी आहे तिथे फक्त ज्याचं पलीकडे काम आहे तोच जातो, घाईवाला माणूस वीस मिनिटं धक्क्यावर उभा राहत नाही. म्हणजे फेरीच्या दोन्ही बाजूंचे पाचसहा किलोमीटर आपोआप शांत राहतात, कुठला बोर्ड लावावा लागत नाही. साध्या फेरीत माणसाला आणि दुचाकीला पैसे पण पडत नाहीत, सायकल तर नाहीच. नदी परिवहन खात्याच्या या फेऱ्या आपल्याकडे आहेत तोपर्यंत गोवा सायकलसाठी फार चांगला आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि कुठे नवीन पुलाची घोषणा झाली की गावकऱ्यांची सोय होणार हे समजतं तरी मला धस्स होतं.

तर तुमच्या घरापासूनच सुरू करू. म्हापशाहून पणजीला जायला सगळे हायवेने पर्वरीवरून जातात. तुम्ही तो विसराच. (आणि एक लक्षात असू द्या, मांडवीवरचा अटल सेतू २०१९ मध्ये झाला पण त्यावर दुचाकींना बंदी आहे, सायकल जुन्या पुलावरूनच न्यावी लागते आणि तिथे बसवाले अक्षरशः हँडलला घासून जातात.) त्याऐवजी म्हापसा, मयडे, नास्नोडा, हळदोणे असं पूर्वेला जा. मयडे सोडलं की एका बाजूला वाडे, जुनी घरं, दुसऱ्या बाजूला सरळ शेत, आणि चढ म्हणावा असा चढच नाही. हळदोण्याहून मनात असेल तर खोर्जुव्याला जाऊन या, केबलवाला पूल ओलांडला की पलीकडे छोटासा किल्ला आहे, चिऱ्यांचा, वर चढायला पाच मिनिटं लागतात आणि वरून म्हापसा नदीचं वळण पूर्ण दिसतं. मग परत येऊन किटला, ओळावली करत पोंबुर्फ्याला उतरा. हा ओळावली-पोंबुर्फा तुकडा माझ्या मते बार्देशातला सगळ्यात सुंदर सायकलचा रस्ता आहे, झाडी दाट, मधूनच खाजन (नदीकाठची बांध घालून राखलेली शेतजमीन) दिसतं, आणि सकाळी सात वाजता तुम्हाला समोरून फक्त पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, भेटतो. पोंबुर्फ्याहून फेरी पकडली की चोडण. चोडण बेट आडवं ओलांडलं की दुसऱ्या टोकाला रायबंदरची फेरी, आणि त्या धक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, तिथली खारफुटी रस्त्यावरूनच दिसते. रायबंदरला उतरून पाटोच्या बाजूने पणजी. म्हणजे म्हापसा ते पणजी, दोन फेऱ्या, हायवे शून्य. खोर्जुवे न करता पंचवीस-तीस किलोमीटर होतात. परत येताना पण तसंच यायचं, झाले तुमचे साठ.

रायबंदर-पणजी हा जो नदीकाठचा रस्ता आहे तो पोर्तुगीजांनी १६३३-३४ च्या सुमारास बांधलेल्या जुन्या बांधावरूनच जातो, तीनेक किलोमीटर सरळसोट, एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला पूर्वीची मिठागरं. आठवड्याच्या दिवशी आठनंतर तिथे ऑफिसची गर्दी असते, रविवारी सकाळी मात्र रिकामा मिळतो.

आता फेरीत सायकल कशी चढवायची ते नीट सांगतो कारण नवीन लोक इथेच पडतात. रॅम्प ओला असतो, त्यावर डिझेलचा आणि शेवाळाचा थर असतो, आणि क्लीटवाले (पेडलला अडकणारे) बूट असतील तर बर्फावर चालल्यासारखं होतं. उतरायचं, सायकल हातात धरून चालत जायचं, गाड्या आधी चढू द्यायच्या की आपण आधी हे फेरीवरचा माणूस हाताने दाखवतो, त्याचं ऐकायचं. आत गेल्यावर कडेच्या कठड्याला सायकल टेकवून तिच्या बाहेर न राहता आत, म्हणजे सायकल आणि गाड्या यांच्या मध्ये आपण असं उभं राहायचं, कारण स्कूटरवाले अगदी शेवटच्या क्षणी घुसतात आणि डिरेलरवर (गिअर बदलणाऱ्या भागावर) स्टँड आपटतात. उतरताना घाई नको, सगळ्या दुचाकी गेल्या की शेवटी निघा. दोन मिनिटांनी रस्ता तुमचाच असतो.

दिवाडीचं सांगायलाच हवं. जुन्या गोव्याहून फेरी, उतरलात की शेतातून सरळ जाणारा उंचावलेला रस्ता, दोन्ही बाजूंना पाणी नाहीतर भात, हंगामानुसार, आणि बगळे, करकोचे. मग पिएदादचा छोटा चढ, वर चर्च, तिथून मांडवी आणि जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरी. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे, मूळ देऊळ दिवाडीवर होतं, पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव नदीपलीकडे आणला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. म्हणजे देवाने ज्या नदीवरून स्थलांतर केलं तीच नदी तुम्ही सायकलसकट ओलांडता, मला प्रत्येक वेळी तिथे थांबून हात जोडावेसे वाटतात. नार्व्याहून मये, मयेहून चोडण आणि चोडणहून रायबंदर असं पूर्ण वर्तुळ करता येतं, पणजीहून धरलं तर चाळीसच्या आसपास. फक्त पिळगाव-मये पट्ट्यात खनिजाचे ट्रक चालू असतील तर ते वर्तुळ सोडून द्या, दिवाडीवरूनच मागे फिरा. लाल धूळ, खड्डे आणि एकामागोमाग एक ट्रक, तिथे धाडस करण्यात काही अर्थ नाही. हाच नियम उसगाव, पाळी, वेळगे, रिवण या भागांना पण लावा. जायच्या आदल्या दिवशी तिथल्या कुणाला तरी फोन करून विचारायचं ट्रक चालू आहेत का, खाण चालू-बंद यावर तिथला सगळा रस्ता बदलतो. रविवारी बहुतेक ठिकाणी जरा बरं असतं.

तिसवाडीतच आणखी एक रस्ता आहे जो लोकांना माहीतच नसतो. जुना गोवा, करमळी, आजोशी, मंडूर, नेवरा, आगशी. करमळीचं तळं थंडीत पक्ष्यांनी भरलेलं असतं, बाजूने कोकण रेल्वे जाते. पुढे आजोशी-मंडूर-नेवरा म्हणजे जुवारीकाठची खाजनं. खाजन जमीन कशी चालते हे बघायचं असेल तर नेवऱ्याच्या आसपास कुठेही एखाद्या मानशीजवळ थांबा. मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, लाकडी, मोठं. भरतीला नदीचं खारं पाणी बाहेरून दाबतं तसं दार आपोआप मिटतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतलं पाणी ढकलून दार उघडतं आणि शेतातलं पाणी नदीत जातं. मोटर नाही, वीज नाही, शेकडो वर्षं हे असंच चाललंय. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासे धरतात, तो माणूस भेटला तर दहा मिनिटं बोला त्याच्याशी, सायकलिंगमधलं हे सुख कुठल्या अ‍ॅपवर मोजता येत नाही. आणि म्हणूनच शेतात भराव टाकलेला दिसला की जीव जळतो, एका जागी बांध फुटला की आजूबाजूची सगळी शेती खारी होते, मग तिथे कोणी नांगर घालत नाही, आणि मग ती जमीन प्लॉट म्हणून विकायला मोकळी.

बांधांवरून सायकल न्यायची का असं खूप जण विचारतात. सिमेंट किंवा डांबर घातलेले बांध आहेत तिथे खुशाल न्या. मातीच्या बांधावर रोड बाइक नको, पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर तर अजिबात नको, टायर रुततो आणि बांधाला पण इजा होते. तो बांध कुणाच्या तरी मेहनतीने उभा असतो.

आता दक्षिण. तुम्ही म्हापशाचे, त्यामुळे सायकल गाडीला लावून मडगावला यावं लागेल, पण महिन्यातून एकदा या, सासष्टीसारखा सायकलचा तालुका नाही. मडगाव, राय, राशोल, लोटली, आणि दुसऱ्या अंगाने कुडतरी, मकाजन, चांदोर. तीस-पस्तीस किलोमीटरचं वर्तुळ होतं आणि अख्ख्या वाटेत तुम्हाला मोठं ट्रॅफिक फक्त मडगावच्या तोंडाशी लागतं. कुडतरीला सासष्टीचं भाताचं कोठार म्हणतात ते उगाच नाही, तळी बांधून ठेवलीत, त्या पाण्यावर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरची भातशेती होते, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत सगळा गोवा सुकून पिवळा झालेला असताना इथे पोपटी हिरवं असतं. सां आलेक्स चर्चसमोर तळं आहे, तिथे सायकल टेकवा आणि बसा. मला कुणी सांगितलं की गोव्यातला एकच रस्ता निवड, तर मी किनारा सोडून कुडतरी निवडेन.

राशोलला सेमिनरीच्या टेकडीवरून जुवारी आणि खाली पसरलेलं खाजन दिसतं. ज्यांना थोडं जास्त करायचंय त्यांनी लोटलीहून रासय धक्क्यावर उतरून दुर्भाटची फेरी घ्यावी, म्हणजे फोंडा तालुक्यात निघता, बोरी पुलाचं ट्रॅफिक पूर्ण टळतं. दुर्भाट-बोरी भागात पौष अमावास्येला शेतकरी बांधावर मातीची मगर करून पूजतात, मांगेथापणी म्हणतात. नदीत खरोखरच्या मगरी आहेत, कुंभारजुव्याच्या खाडीत तर बोटीतून दाखवायला नेतात, तेव्हा नदीकाठी हातपाय धुवायला खाली उतरायचं नाही हे सौ.ना पण सांगून ठेवा.

किनाऱ्याचं म्हणाल तर उतोर्डा ते मोबोर हा पट्टा सपाट आहे, पण समुद्र रस्त्यावरून दिसत नाही, मध्ये माड आणि हॉटेलं. सकाळी साडेसहा ते साडेआठ छान, नंतर भाड्याच्या स्कूटर सुरू होतात, आणि त्या चालवणाऱ्याचं लक्ष मोबाइलच्या मॅपवर असतं. इथला खरा आनंद पुढे आहे. केळशीहून साळ नदीवर असोळण्याची फेरी (चालू आहे का ते आधी विचारून घ्या), मग असोळणा, कुटबणची जेटी, मासळीचा वास, बेतूल, आणि बेतूलनंतर रस्ता सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढतो. बेतूल ते काब द राम ते आगोंद हा साधारण पंचवीसेक किलोमीटरचा तुकडा गोव्यातला सगळ्यात भारी किनारी रस्ता. काणकोणला जाणारा सगळा जड माल करमल घाटातून हायवेने जातो, त्यामुळे इकडे कोणी येत नाही. सडा म्हणजे मोकळं रान, लांबवर समुद्र, मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बोंडांचा वास आणि कुठेतरी भट्टीचा धूर, वाटेत निरो (काजूच्या बोंडांचा न आंबवलेला रस) मिळाला तर प्या, पण थंड आणि ताजाच. पावसाळा सरताना याच सड्यावर जांभळ्या फुलांचे गालिचे असतात. काब द रामच्या किल्ल्याला मुख्य रस्त्यावरून थोडं आत जावं लागतं, जाच. त्यानंतर खोला गाव, तिथली मिरची प्रसिद्ध आहे, हंगामात अंगणात लालभडक सुकत घातलेली दिसते. चढ लांब नाहीत पण तीव्र आहेत, उतरलात की लगेच परत चढ, असं सारखं होतं, आणि आगोंदला उतरताना वळणं आंधळी आहेत तिथे ब्रेक आधीच दाबा. गिअरच्या सगळ्यात हलक्या जोडीत पुढच्या चक्रीला ३४ आणि मागच्या चक्रीला ३२ दात असतील तर गुडघे वाचतात. पहिल्याच महिन्यात हा करू नका.

काणकोणच्या पुढे तळपण-गालजीबाग पण शांत झालंय, २०१९ मध्ये काणकोणचा बायपास सुरू झाल्यापासून बरीच वाहतूक तिकडे गेली. गालजीबागला कासवं अंडी घालतात, सुरूची झाडं, दोन नद्यांच्या मधली पट्टी. रस्ता छोटा आहे पण मुद्दाम जावं असा.

उत्तरेत पेडणे आता पूर्वीसारखं राहिलं नाही. मोपा एअरपोर्ट झाल्यापासून धारगळ-पत्रादेवी बाजूला जायची मला इच्छा होत नाही. मोरजी, आश्वे, मांद्रे हे डिसेंबरमध्ये सोडाच. पण शिवोली ते कामुर्ली ते कोलवाळ हा शापोरा नदीच्या काठचा रस्ता तुम्हाला म्हापशाहून अगदी जवळ आहे, आठवड्याच्या दिवशी ऑफिसच्या आधी तासाभरात होतो. आणि केरीहून फेरीने तेरेखोल. ही फेरी ओहोटीला कधीकधी बंद ठेवतात, वाळू वर येते, त्यामुळे भरती-ओहोटी बघूनच निघा. तेरेखोलहून रेडी, शिरोडा असं सिंधुदुर्गात उतरता येतं, तिकडचे रस्ते अजून निवांत आहेत, शिरोड्याला १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला ती मिठागरं पण वाटेत लागतात.

वाऱ्याबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. थंडीच्या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, हलका. साडेदहा-अकरानंतर उलटतो, समुद्राकडून, वायव्येकडून येतो आणि दुपारपर्यंत चांगला जोर धरतो. म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्याने सकाळी आधी उत्तरेला जायचं आणि परत दक्षिणेला येताना वारा पाठीवर घ्यायचा. बेतूल-आगोंदला हे उलटं पडतं, येताना वारा तोंडावर, म्हणून तिथे पहाटे निघून अकराच्या आत बेतूलला परत. ऑक्टोबर आणि एप्रिल-मे मध्ये नऊनंतर उन्हात राहूच नका, दमटपणामुळे घाम सुकत नाही आणि कळायच्या आत चक्कर येते. दोन बाटल्या, एकीत मीठ-साखर-लिंबू.

पावसात चालवायची असेल तर चालवा, जुलैमधलं दिवाडी ज्याने बघितलं नाही त्याने काय बघितलं. पण झाडाखालच्या रस्त्याला शेवाळ धरतं, कडेला चिऱ्याची बारीक खडी वाहून येते आणि ती बेअरिंगसारखी फिरते, वळणावर सायकल आडवी. टायर २३ मिलिमीटर रुंदीचे असतील तर बदला, २८ किंवा बसत असेल तर ३२ घाला, हवा थोडी कमी ठेवा. मागचा लाल दिवा दिवसा पण चालू ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याकडे आपल्या बारीक व्हॉल्व्हला बसेल असा पंप नसतो, पितळेचा अ‍ॅडॉप्टर मिळतो तो बॅगेत टाकून ठेवा, दोन ट्यूब, दोन लिव्हर. कुत्र्यांचं म्हणाल तर वेग वाढवू नका, थांबा, सायकल मध्ये घ्या, आवाज चढवून ओरडा, गोव्यातली बहुतेक कुत्री गेटापर्यंतच शूर.

गावातून जाताना काही गोष्टी पाळा. कापणीनंतर लोक रस्त्यावर भात सुकत घालतात, अर्धा रस्ता अडतो, त्यावरून चाक नेऊ नका, उतरून बाजूने चाला, ते त्यांचं वर्षभराचं खाणं आहे. रविवारी सातआठच्या सुमारास मिस्सा सुटते तेव्हा चर्चसमोर ग्रुपने वेगात जायचं नाही. आणि खायला गावच्या बाजारातलं छोटं हॉटेल शोधा, पातळभाजी, पाव, मिरची भजी, चहा, याच्यावर चाळीस किलोमीटर आरामात निघतात. पोदेर भेटला तर गरम पोय (गोव्याचा कोंड्याचा पाव) घ्या दोन, आणि त्यालाच रस्ता पण विचारा, भरलेली टोपली घेऊन तो रोज फिरतो, कुठल्या वाटेने चढ कमी आहे हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

आता सौ.चं. त्यांची हायब्रिड आहे म्हणालात, उत्तम आहे. पहिल्या वेळेला त्यांना म्हापशाहून सायकलने आणू नका, दोन्ही सायकली गाडीला लावून जुन्या गोव्यात या, गाडी तिथेच ठेवा, साडेसहा-पावणेसातची एखादी फेरी धरून दिवाडीला उतरा आणि नार्व्याच्या धक्क्यापर्यंत जाऊन परत या. पंधरा किलोमीटरच्या आत आहे, चढ एकच, पिएदादचा, तो चालत चढला तरी काही बिघडत नाही. नऊपर्यंत जुन्या गोव्यात परत. त्यांना ते आवडलं की पुढच्या खेपेला पोंबुर्फा-चोडण, पण तेव्हा निघायच्या आधी त्यांच्या सीटची उंची बघून घ्या, पेडल खाली असताना गुडघा अगदी थोडा वाकलेला हवा, बहुतेक दुकानदार सीट खूप खाली ठेवून देतात आणि वीस किलोमीटरनंतर गुडघा दुखायला लागतो.